सत्पात्री दान, अपात्री कृपा

रहाटणीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका पतसंस्थेची शाखा आहे. तिच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'सोनेतारण कर्ज' असे लिहिलेले आहे. तीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात काढली, त्यामुळे समोर जे लिहिलेले दिसेल ते वाचायची खोड जडली आहे. ही पाटी मी रोज वाचतो. म्हणून शेजारच्या ताई एकदा सहज बोलून गेल्या, "भाऊ, मी चौदा वर्षांची असताना माझं तारण झालं," तेव्हा मला प्रथम दागिनेच आठवले. माझा चेहरा पाहून त्या हसत सुटल्या.

ताई निवृत्त परिचारिका. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. त्यांच्या बोलण्यात असे पुष्कळ शब्द येतात जे माझ्याच भाषेतले असून मला परके वाटतात. मराठी बायबलात ख्रिस्ताने आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून दिला असे सांगितले आहे. आमच्याकडे चाकण-भोसरीच्या बातम्यांत खंडणीचा गुन्हा नाही असा आठवडा जात नाही, तेव्हा हा शब्द ऐकून दचकायला होते. पण त्या दिवशी माझ्या मनाला लागले ते वेगळेच वाक्य. मी विचारले, "तारण म्हणजे तुम्ही चांगलं वागलात म्हणून मिळालं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊ. आपण कुणीच लायक नाही. लायक असतो तर कृपा कशाला म्हणायची? पगार म्हटलं असतं."

मला ते आवडले नाही. माझी एक आत्या सतराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची पंचावन्न वर्षे आमच्या घरात राबली. तिला कोणी मुद्दाम छळले नाही. पण लग्नकार्यात ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसे, आणि विचारले तर म्हणे, "मागच्या जन्मीचं काहीतरी असंल माझं." आपण लायक नाही, हे वाक्य मी त्या मागच्या खोलीतून ऐकत आलो होतो. तेच वाक्य एक शिकलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली बाई समाधानाने कसे म्हणते, हे मला उलगडेना. पुढची काही वर्षे मी या एका प्रश्नामागे वाचत गेलो. मी ख्रिस्ती नाही, देवधर्मातही फारसा नाही. तरी या वाचनात आपल्याच गेल्या दीडशे वर्षांतली काही माणसे मला नव्याने भेटली.

सुरुवात जवळूनच करावी म्हणून देहूपासून केली. पापाची आणि नालायकीची ही भाषा मिशनऱ्यांनी बाहेरून आणली, अशी माझी समजूत होती. ती टिकली नाही. तुकोबांच्या गाथेत स्वतःला पतित, हीन, अपराधी म्हणणारे अभंग किती, हे मोजायला बसलो आणि मोजणे सोडून दिले. 'पतितपावन' हे तर देवाचे ब्रीदच. आणि पतित आहेत म्हणून देवाला हे ब्रीद मिरवता येते, अशी भांडणेही संतांनी त्याच्याशी मनसोक्त मांडली आहेत. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी यावरून दोन पंथच केले. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाचा उद्धार यांपैकी कोणत्या रीतीने होतो, हा त्यांचा वाद. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात ख्रिस्ती जगात झालेला वाद जवळजवळ हाच होता. ऑगस्टीन मांजरीच्या बाजूचा. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पोपशी भांडण काढले तेही याच बाजूने.

म्हणजे शब्द होते, कल्पनाही होती. गोव्यात थॉमस स्टीफन्सने 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा ख्रिस्ती स्वर्गासाठी त्याला 'वैकुंठ' हा शब्द तयारच मिळाला. मग धर्मांतर केलेल्या मराठी माणसांना यात नवे असे काय सापडले?

चोखोबांच्या नावावर एक अभंग सांगितला जातो. पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली, म्हणून या जन्मी महाराच्या पोटी आलो, असा त्याचा आशय आहे. तो चोखोबांचाच आहे की नंतर कोणी त्यांच्या तोंडी घातला, यावर मतभेद होऊ शकतील. पण तुकोबांचे 'मी पतित' आणि या अभंगातले 'मी पतित' यांत मोठे अंतर आहे. पहिले देवासमोर कोणीही म्हणू शकतो, राजाही. दुसरे जन्माबरोबर वाटून दिलेले आहे. कोणाला जास्त, कोणाला कमी, आणि काहींना अजिबात नाही. माझ्या आत्याचे वाक्य या दुसऱ्या जातीचे होते. वारीत ती देहू ते आकुर्डी चालत जाई, तेवढ्या वाटेवर पहिले म्हणत असेल. घरी आल्यावर पुन्हा दुसरे.

पाप धुऊन काढण्याची व्यवस्थाही आपल्याकडे होती. तिचे नाव प्रायश्चित्त. त्यात व्रते होती, पंचगव्य होते आणि बहुधा दान होते. दानाचा नियम सगळ्यांना पाठ आहे : दान सत्पात्री असावे. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कशी चालत होती, याचा नमुना पंचहौद मिशनच्या चहाने पाहायला मिळतो. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथे पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. त्यांत न्या. रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे बराच काळ अडून राहिले, आणि 1892 मध्ये मित्रांची अडचण पाहून त्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. तो वाचताना त्या घरातली घुसमट जाणवते. ज्यांना त्यात पाप वाटत नव्हते त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सगळे पूर्ववत सुरू झाले. हिशेब पुरा करण्याची ही रीत स्टोअर्सवाल्या मला चांगली कळते. माल कमी भरला की एक चिठ्ठी जोडायची आणि वही जुळवायची.

त्याच पंचहौद मिशनशी संबंध असलेल्या एका माणसाला मात्र वही जुळवणे कधी जमले नाही. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म 1825 चा. चित्पावन घराणे, पण बुंदेलखंड-काशीकडे स्थायिक झालेले. काशीत मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून ते गेले आणि 1848 साली जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळाले नेहेम्या. 'षड्दर्शन दर्पण' या 1860 च्या ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांची चिरफाड केली. पुढे ते पाद्री झाले आणि पंचहौद चालवणाऱ्या संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले, पण कायमच्या शपथा त्यांनी कधी घेतल्या नाहीत. प्रार्थना समाजाशी त्यांचे मोठे वाजले. समाजाचे म्हणणे असे की, मनापासून पश्चात्ताप झाला की परमेश्वर क्षमा करतो, मध्ये कोणी मध्यस्थ लागत नाही. गोऱ्यांचा प्रश्न असा की, मग न्यायाचे काय? चोराला पस्तावा झाला म्हणून चोरीची भरपाई होते का? कोणीतरी ती किंमत मोजली पाहिजे, आणि माणसाजवळ तेवढे भांडवलच नाही. युक्तिवाद चोख आहे. पण स्वतः गोरे आयुष्यभर शंकांनी आणि आपल्या अपात्रतेच्या जाणिवेने पोळत राहिले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. 1895 मध्ये मुंबईत ते वारले. कृपेचा सिद्धांत इतक्या काटेकोरपणे मांडणाऱ्या माणसाला त्या कृपेची सावली पुरेशी मिळाली नाही, असे मला वाटत राहते.

आता पंडिता रमाबाई. या लेखाचे कारण खरे तर त्याच आहेत.

रमाबाईंविषयी आपण मराठी लोक दोन तुकड्यांत बोलतो. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदनाच्या संस्थापक रमाबाई आपल्या. केडगावच्या, प्रार्थनेत बुडालेल्या, बायबल भाषांतरित करणाऱ्या रमाबाई त्यांच्या. मीही असेच करत होतो. पण त्यांनी 1907 साली इंग्रजीत लिहिलेली आपल्या श्रद्धेची हकीकत आणि 1887 चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे पुस्तक शेजारी ठेवून वाचले, तेव्हा या दोन तुकड्यांमधला सांधा दिसला.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व्युत्पन्न आणि धर्मनिष्ठ. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून त्यांना विरोध झाला. पुढे कुटुंबच्या कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत फिरले. पाप जावे आणि पुण्य लाभावे म्हणून जवळ होते नव्हते ते ब्राह्मणांना दान केले, उपासतापास केले. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हातात काही उरले नव्हते, आणि कष्टाचे हलके काम करणे या घराला ठाऊक नव्हते. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. सत्पात्री दानाचा हिशेब या घराने शेवटच्या दाण्यापर्यंत पाळला होता.

कलकत्त्यात पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवले, आणि पडदानशीन स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर बोलण्यासाठी धर्मशास्त्र वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. ग्रंथाग्रंथांत इतर बाबतींत मतभेद सापडले. पण सर्व जातींच्या स्त्रिया स्वभावतः वाईट आणि त्यांना पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही, याबद्दल एकवाक्यता सापडली. शूद्रांचीही तीच गत. स्त्रीने नवऱ्याची पूजा करावी, एवढीच वाट. पुढे 1880 मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. 1882 च्या आरंभी पटकीने ते गेले. चोवीस वर्षांची ही विधवा कडेवरची मनोरमा घेऊन पुण्याला आली.

विधवेचे वैधव्य हे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत त्यांनी 1887 च्या पुस्तकात उघडी करून दाखवली. मुलगे असलेल्या प्रौढ विधवेला थोडा तरी मान मिळतो, पण मूल नसलेल्या बालविधवेला सर्वांत मोठी पापीण धरले जाते, हेही त्यांनी नोंदवले. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला तिचा गुन्हा काय ते ठाऊक नसते. पुरावा नाही, साक्ष नाही, आणि शिक्षा मरेपर्यंत.

हे डोक्यात ठेवून त्यांच्या इंग्लंडातल्या एका आठवणीकडे पाहावे. 1883 मध्ये त्या वाँटेजच्या सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या. या भगिनींची एक शाखा पुण्यात पंचहौदजवळच काम करत होती, ओळख तिथलीच. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचे आश्रयस्थान दाखवले. ज्यांना आपल्याकडे गावाबाहेर काढले असते, अशा बायकांशी या भगिनी मायेने वागत होत्या. रमाबाईंनी कारण विचारले. एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, परक्या जमातीची ही बाई. आणि ख्रिस्त तिच्याकडेच पाणी मागतो व उपासनेबद्दल बोलतो. रमाबाईंनी लिहिले आहे की, त्या गोष्टीने आपल्याला पहिल्यांदा फरक समजला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोऱ्यांच्या लेखनाचाही या निर्णयात वाटा होता.

फरक कोणता, हे माझ्या शब्दांत मांडतो. सगळेच पापी आहेत, एकही अपवाद नाही, हा पौलाचा सिद्धांत एखाद्या सुखवस्तू इंग्रज गृहस्थाला जाचक वाटला असेल. आपल्या विधवेला तो ऐकवला तर काय होईल? तिच्या एकटीच्या माथ्यावर बसवलेले पाप क्षणात सगळ्या जगावर वाटले जाते. तिच्या सासऱ्यावर, भटजीवर, न्यायाधीशावर, आणि चहाच्या पेल्याला नुसता हात लावून सुटलेल्यांवरही. ती विशेष पापीण राहत नाही. आणि जी सुटका मिळायची ती पात्रता पाहून मिळत नसेल, तर तिला मागच्या खोलीत बसवण्याचे कारणच उरत नाही. सत्पात्री दानाच्या नियमाला हा पुरता छेद आहे. कृपा म्हणजे अपात्री दान.

जोतीराव फुल्यांनी हे फार लवकर ओळखले असावे. रमाबाईंच्या धर्मांतरावर पुण्यात गहजब झाला तेव्हा 1885 मध्ये 'सत्सार'च्या अंकांतून त्यांनी या बाईची बाजू घेतली. ख्रिस्ती सिद्धांत त्यांना मान्य होते असे नाही. पण एका ब्राह्मण पंडितेला शास्त्रे वाचूनच बाहेर पडावेसे वाटले, याचे मोल त्यांना कळत होते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई निमूट झाल्या, असेही घडले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आत्ताच मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्याच्या जोखडात देणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. विनम्रतेचे धडे देणाऱ्या भगिनींना हा उद्धटपणा वाटला. मला तो त्याच सिद्धांताचा पुढचा टप्पा वाटतो. सगळेच अपात्र, तर बिशपही अपात्र.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. 1893 च्या वादात रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेले. तो इतिहास सर्वपरिचित आहे. कमी बोलले जाते ते 1891 बद्दल. त्या सुमारास रमाबाईंनी विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचले. या हॅसलमची गंमत अशी की, तो बरीच वर्षे पाद्री होता, आणि एका रविवारी स्वतःच्याच व्यासपीठावरून प्रवचन करताना त्याचे मनःपरिवर्तन झाले. ते वाचून रमाबाईंना वाटले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षे त्या बुद्धीने पटलेल्या गोष्टीवर उभ्या होत्या. त्याआधी, 1882 च्या 'स्त्रीधर्मनीति'त, त्यांनी स्त्रियांना सांगितले होते ते उद्योगाचे, स्वतःला सुधारण्याचे. आता त्यांनी कबूल केले की आपण कितीही धडपडलो तरी काही कमावू शकत नाही. जे आहे ते नुसते घ्यायचे. इतकी कर्तबगार बाई हे म्हणते, तेव्हा तिच्या वडिलांच्या दानांची आणि उपासांची आठवण ठेवूनच ते वाचावे लागते.

आणि या 'काही कमावू शकत नाही'ने त्यांचे हात थांबले नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, सुमारे तीनशे. वडील ज्या दुष्काळात गेले त्याची पुनरावृत्ती त्यांनी पाहिली असणार. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतली होती, तिथे वस्ती उभी राहिली. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना काढला. वस्तीला नाव दिले 'मुक्ती'. पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी जे वेगळे घर बांधले त्याचे नाव 'कृपा सदन'. फुलहॅम आणि ती विहिरीवरची बाई या नावात उतरली आहे. मुलींना आत घेताना तिथे सत्पात्र कोण, हे विचारले गेले नाही.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण केडगावच्या इतिहासात 1905 चा जून महिना आहे. वेल्समध्ये ख्रिस्ती जागृतीची लाट आली होती, तिच्या बातम्या येत होत्या. केडगावला मुलींचे शेकडोंचे प्रार्थनागट बसत होते. 29 जूनच्या रात्री एका मुलीला अंगात आग पेटल्यासारखे झाले. दुसरी मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तोच तिला दिसले की कपड्यांना काही झालेले नाही. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे कित्येक दिवस मुली रडत होत्या, मोठ्याने आपली पापे कबूल करत होत्या, आणि मग हसत, गात होत्या. मिशनच्या साहित्यात हा मोठा मंगल प्रसंग आहे. मी तो वाचला तेव्हा माझ्या मनात ती बादलीवाली मुलगी राहिली, आणि एक प्रश्न. दुष्काळात आईबाप गमावलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी कोणते पाप केले असेल, की त्यासाठी रात्र रात्र रडावे? पूर्वजन्मीचे पाप काढून घेतले. त्याच्या जागी दुसरे तर दिले नाही ना?

या प्रश्नाचा सर्वांत कठोर उच्चार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी लिहिलेली टिपणे त्यांच्या निधनानंतर समग्र वाङ्मयात प्रसिद्ध झाली. त्यांचा आक्षेप असा : माणसाचे पतन त्याच्या मूळ पापामुळे झाले, असे चर्च शिकवते. हे शिकलेला अस्पृश्य आपल्या दैन्याचे कारण स्वतःच्या पापात शोधू लागतो, भोवतालच्या अन्यायी समाजरचनेत शोधत नाही. मग तो ती रचना मोडायला कशाला उठेल? 25 डिसेंबर 1954 रोजी, नेमक्या नाताळच्या दिवशी, बाबासाहेबांनी आमच्या इथून जवळच देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यांनी स्वीकारलेला बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नाही. तिथे कृपेला जागाच नाही. चालायचे ते आपण. देहूच्या तुकोबांचा पतितपावन आणि देहूरोडचा मार्गदाता यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे, आणि ते ओलांडायला तीनशे वर्षे लागली.

बाबासाहेबांचा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढेच म्हणता येईल की, तो सिद्धांत कोण कोणाला सांगतो यावर बरेच अवलंबून असते. पोट भरलेल्या गोऱ्या साहेबाने 'तू पापी आहेस' असे महाराला सांगणे वेगळे आणि 'मीही, तूही' असे म्हणणे वेगळे. मिशनच्या बंगल्यात पहिलेच जास्त घडले असणार, याची साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आयुष्य देते. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्यांसारखी पापाची आग त्यांना फारशी लागलेली दिसत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत अपात्रतेची जाणीव आहे, पण ती लेकराने आईपाशी म्हणावी तशी, मांजरीच्या पिल्लाची. मिशनऱ्यांचा मायबापपणा मात्र त्यांना आयुष्यभर खुपला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली नसती तर हा माणूस घरात कसा होता, हे आपल्याला कळले नसते. त्यांच्यासारखे आपल्या अपात्रतेवर हसता येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती गोऱ्यांना साधली नाही.

रमाबाईंचे शेवटचे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासले आणि खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळा ग्रंथ उतरवला. कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतात उत्तर देणारी ही बाई म्हातारपणी संस्कृत शब्द गाळत बसली होती. 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. भाषांतराची मुद्रिते त्यांनी हातावेगळी केली होती. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

हे सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी ताईंना बाबासाहेबांचा आक्षेप सांगितला. गच्चीवर पापड वाळत घातले होते, त्या ते उचलत होत्या. त्यांचे घराणे मूळचे मांगवाड्यातले. आजी ही पहिली ख्रिस्ती. मी विचारले, "तुमच्या आजीला मिशनवाल्यांनी पापी म्हटलं, त्याचा राग नाही आला?"

त्यांनी पापडांची चवड हातातच ठेवली. "आजीला पापी तर सगळं गावच म्हणायचं, भाऊ. त्यात नवं काय होतं? ती सांगायची, पाद्रीसाहेबानं एकच गोष्ट नवी सांगितली. म्हणाला, गावचा पाटीलसुद्धा पापी आहे. त्या रात्री आजी म्हणे कितीतरी वेळ हसत होती."

मग त्यांनी मला अर्धे पापड बांधून दिले.